आकाशमार्गाची रोजकीर्द

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातून ॲपलेशियन पर्वतरांगेतील किटाटिनी नावाची एक लांबच लांब डोंगरधार गेली आहे. तिच्यावरील ‘हॉक माउंटन’च्या कड्यावर दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर असे चार महिने काही माणसे दुर्बिणी घेऊन दिवसभर खडकावर बसलेली असतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले ससाणे, गरुड आणि अन्य शिकारी पक्षी ती मोजतात. दर तासाला नोंद होते. कोणत्या जातीचे किती पक्षी गेले, वारा कोणत्या दिशेचा होता, ढग किती होते, तापमान काय होते, हे सारे वहीत उतरते. सरासरीने एका हंगामात अठरा हजारांच्या आसपास पक्षी तेथून जातात.

वाचकहो, पक्ष्यांनी नेमका हाच मार्ग का धरावा, याचे उत्तर वाऱ्यात आहे. थंड हवेची लाट ओसरली की वायव्येचा वारा या डोंगरधारेवर आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर पंख पसरून पक्षी कोसच्या कोस तरंगत जातो. पुढे हजारो मैल जायचे असल्याने त्याला शक्तीचा खर्च जपूनच करावा लागतो. सप्टेंबरच्या मध्यास येणाऱ्या ‘ब्रॉड-विंग्ड हॉक’ या लहान ससाण्यांची रीत थोडी निराळी आहे. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या स्तंभात शिरून ते शेकड्यांनी गरगरत उंच चढतात. अशा घिरट्या चालू असताना मोजदाद करणे जवळजवळ अशक्य असते. अनुभवी माणूस त्या वेळी थांबून राहतो. स्तंभाच्या माथ्याला पोहोचल्यावर पक्षी एकापाठोपाठ एक ओळीने दक्षिणेकडे घसरू लागतात आणि तेव्हाच मोजणी होते. पक्षी जवळ यावेत म्हणून काठीवर एक खोटे घुबडही उभे केलेले असते. घुबडाचा ससाण्यांना भारी राग!

याच कड्यावर पूर्वी बंदुका घेऊन माणसे बसत. १९२९ मध्ये पेनसिल्व्हेनियाने ‘गॉसहॉक’ जातीच्या प्रत्येक मारलेल्या पक्ष्यामागे पाच डॉलरांचे इनाम लावले होते. मंदीच्या दिवसांत पाच डॉलर म्हणजे मोठी रक्कम. मात्र उडत्या पक्ष्याची जात ओळखण्याची तसदी कोण घेणार? जो समोर येई तो पडे. ससाणे कोंबड्या व लहान पक्षी मारतात, म्हणून त्यांना मारणे हे पुण्यकर्मच, असाही युक्तिवाद होता. आपल्या घरांतही कबुतरांना ज्वारी टाकणारा हात शिकारी पक्ष्याविषयी थोडा आखडताच असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एखादा जीव काय खातो यावर त्याच्या जगण्याचा अधिकार ठरवू लागलो, तर जीवदयेची व्याप्ती फारच लहान होईल.

१९३२ मध्ये रिचर्ड पाऊ या पक्षीप्रेमी तरुणाने मेलेले ससाणे रांगेत मांडून त्यांची छायाचित्रे घेतली. ती न्यूयॉर्कच्या रोझली एज यांच्या पाहण्यात आली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या या बाईंचे वय तेव्हा पंचावन्नच्या घरात होते. मोठ्या संस्थांकडून काही घडेना, तेव्हा १९३४ मध्ये त्यांनी तो डोंगरच, १,४०० एकर, भाडेपट्ट्याने घेतला. कायदा बदलण्याची वाट न पाहता जमीनच ताब्यात घ्यावी, हा व्यवहार व्यापारी माणसाला लगेच उमगेल. राखणीसाठी मॉरिस ब्राऊन आणि त्यांच्या पत्नी इर्मा आल्या. इर्मा रस्त्यावरच्या प्रवेशापाशी बंदूकधाऱ्यांना अडवीत आणि मॉरिस कड्यावर जाऊन पक्षी मोजीत. पहिल्याच हंगामात दहा हजारांहून अधिक पक्ष्यांची नोंद झाली. पुढे एजबाईंनी ती जमीन विकत घेतली आणि १९३८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या नावे करून दिली. दुसऱ्या महायुद्धात ब्राऊन सैन्यसेवेत गेले, तेवढी काही वर्षे सोडली तर मोजणी आजवर चालू आहे.

या वह्यांचे मोल कळले ते पाव शतकानंतर. ‘बाल्ड ईगल’ या गरुडाचे मस्तक पाच वर्षांच्या सुमारास शुभ्र होते, तोवर तो तपकिरीच असतो. त्यामुळे उडतानाही तरुण आणि प्रौढ वेगळे ओळखू येतात. ब्राऊन यांनी दोहोंची नोंद वेगवेगळी ठेवली होती. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आले आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच तरुण पक्षी दिसला. गरुड दीर्घायुषी असतो. केवळ डोकी मोजली असती, तर मुद्दल शाबूत आहे असेच वाटले असते. आवक थांबली होती, हे त्या स्वतंत्र रकान्याने दाखवले. रेचल कार्सन यांनी हे आकडे १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात मांडले. डीडीटीचा अंश माशांवाटे गरुडांच्या शरीरात साठत होता. अंड्यांची कवचे त्याने पातळ होतात आणि उबवतानाच फुटतात, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या वापरावर बंदी घातली आणि २००७ मध्ये बाल्ड ईगल संकटग्रस्त जातींच्या यादीतून बाहेर आला.

अशी मोजणी आता अनेक देशांत होते. मेक्सिकोतील व्हेराक्रूझ येथे तर एका हंगामात चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात. आपल्याकडे नागालँडमधील पांगती गावाजवळ २०१२ मध्ये अमूर ससाणे जाळ्यांत धरून हजारोंनी मारले जात होते. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती शिकार बंद केली आणि त्याच परिसरातील काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्यांना सोडण्यात आले. भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता ते आफ्रिकेत पोहोचल्याचे त्यांतून दिसले. नोव्हेंबरच्या सुमारास हे पाहुणे लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरही काही दिवस टेकतात. हवेतच चतुर व इतर कीटक पकडून खातात आणि वारा अनुकूल झाला की पश्चिमेकडे निघतात.