बारा पंचकोनांची टोपली

ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत पावसाळा आला की महापालिकेची माणसं घरोघरी ड्रम, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे तपासत फिरतात. शोध असतो एडिस इजिप्ती डासाच्या अळ्यांचा. डेंग्यूमुळे बदनाम झालेल्या या डासाचं पेशीविज्ञानावर मात्र मोठं ऋण आहे. रक्त प्यायल्यावर मादीच्या अंडपेशी बलकाचं प्रथिन भराभर आत ओढून घेतात. १९६४ मध्ये टॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पेशीपटलाला पडलेले असंख्य खळगे दिसले. प्रत्येक खळग्याला पेशीच्या आतल्या बाजूने केसाळ अस्तर होतं. डेंग्यूचा विषाणू आपल्या पेशीत शिरतो तोही बहुतेकदा अशाच खळग्यातून.

ते अस्तर ज्या प्रथिनाचं, ते १९७६ मध्ये केंब्रिजच्या बार्बरा पिअर्स यांनी ओळखलं आणि त्याला क्लॅथ्रिन नाव दिलं. डुकराच्या मेंदूतून त्यांनी ते शुद्ध केलं होतं.

क्लॅथ्रिनचा एक घटक म्हणजे मध्यातून वळत निघालेले तीन पाय: तीन जड साखळ्या, तीन हलक्या. योग्य आम्लतेच्या द्रावणात हे घटक नुसते सोडले, तरी त्यांचे पिंजरे आपोआप तयार होतात. नुसते षटकोन जुळले तर जाळी सपाट राहते. तिला बाक देतात पंचकोन. आणि पिंजरा २८ घटकांचा असो, ३६ चा की ६० चा, तो पूर्ण मिटायला पंचकोन बरोबर बाराच लागतात. हा भूमितीचा नियम, त्यातून पेशीचीही सुटका नाही. बुरुडाच्या टोपलीत कामट्या एकमेकींवरून जातात तसे इथे शेजाऱ्यांचे पाय प्रत्येक कडेवर एकमेकांना बिलगून असतात. एकेक सांधा कमकुवत, सगळे मिळून भक्कम. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे कमकुवतपण, कारण त्यामुळेच टोपली लगेच उसवता येते. ऑक्झिलिन एचएससी७० या प्रथिनाला तिथे आणतं, पेशीचं इंधन असलेलं एटीपी खर्ची पडतं आणि सुटे झालेले घटक पुढच्या खळग्याकडे जातात.

क्लॅथ्रिनला पेशीपटल स्वतः धरता येत नाही. एपी२ सारखी जोडप्रथिनं दोघांना बांधतात आणि आत न्यायचा मालही निवडतात. रक्ततपासणीत ज्याचा आकडा आपण धास्तीने पाहतो, ते एलडीएल कोलेस्टेरॉल असंच आत जातं. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या संशोधकांना एक रुग्ण असा सापडला, की त्याच्या पेशीपटलावरचे ग्राही (रिसेप्टर) एलडीएल धरत, पण खळग्यात गोळाच होत नसत. ग्राहीच्या शेपटीतलं एकच अमिनो आम्ल बदललं होतं. या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं.

खळगा पिशवी होऊन पटलापासून सुटावा म्हणून त्याची मान कापण्याचं काम डायनामिन या प्रथिनाचं. त्यात बिघाड असलेली शिबिरे ही फळमाशी तापमान वाढताच लुळी पडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन आणि सहकारी यांनी २००१ मध्ये दाखवलं, की मान कापायला लागणारं जीटीपी हे इंधन पुरवणारं एक विकरही तितकंच आवश्यक आहे.

पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेने तर पेशीच बाजूला ठेवली. काचेवर मेदपटलाच्या बारीक नळ्या बनवून त्यांनी एप्सिन हे जोडप्रथिन आणि चमकणारं क्लॅथ्रिन त्यांवर सोडलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की एप्सिन सपाट भाग सोडून जास्त बाकदार भागावर जमतं आणि तिथेच क्लॅथ्रिनचे ठिपके उजळू लागतात. त्या ठिपक्यांच्या वाढीला लागणारा विशिष्ट काळ (कालांक) सुमारे ७५ सेकंद आला. जिवंत पेशीत खळगा घडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.