निळे पाकीट, लाल पाकीट

सप्टेंबर 2015 मध्ये रॉकेट या पालेभाजीचे दोन किलो बी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. मोहरीच्या कुळातली ही भाजी ब्रिटनमध्ये सॅलडसाठी घरोघरी वापरतात. सुमारे सहा महिन्यांनी, मार्च 2016 मध्ये, बी पृथ्वीवर परतले आणि मग शाळांकडे निघाले.

प्रत्येक शाळेला दोन पाकिटे मिळाली, एक लाल आणि एक निळे. एकात अवकाशातले बी होते, दुसऱ्यात जमिनीवरच राहिलेले. कोणते कशात, हे मात्र मुलांना मुद्दाम सांगितले नव्हते. आधीच कळले असते, तर अवकाशातले रोप उगीच खुरटे किंवा जोमदार वाटले असते. नव्या औषधांच्या चाचण्यांतला हा कडक नियम प्राथमिक शाळेतल्या मुलांनीही पाळला, ही या प्रयोगाची खरी मोठी गोष्ट.

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी आणि ब्रिटिश अवकाश संस्थेच्या या उपक्रमात 8,600 शाळांतली सुमारे 6 लाख मुले उतरली. त्यांनी 35 दिवस कोंब मोजले, पाने मोजली, उंची टिपली. अवकाशातले बी रुजले, पण वाढ किंचित मंद होती. प्रयोगशाळेतल्या तपासणीतही बियांचा जोम थोडा घटलेला दिसला. हे निष्कर्ष 2020 मध्ये ‘लाइफ’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

याआधी अमेरिकेत टोमॅटोचे बी असेच शाळांमध्ये पोहोचले होते. 1984 मध्ये उपग्रहातून गेलेले सव्वा कोटी बी चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेमुळे लांबलेल्या मुक्कामानंतर 1990 मध्ये परतले आणि लाखो विद्यार्थ्यांनी ते लावून पाहिले.