पद्मिनी रुसली कुठे?

चार महिने झाकून ठेवलेली जुनी गाडी दसऱ्याला स्टार्ट झाली नाही, तर लगेच कार्बोरेटरच्या नावानं बोटं मोडू नका. आधी पेट्रोलचा माग काढा!

दसऱ्याची सकाळ. झेंडूचा हार तयार, नारळ तयार, नव्या कुर्त्यातले बाबा तयार. कव्हर काढलं, सेल्फ मारला. घर्रर्र... घर्रर्र... आणि मग काहीच नाही. चोक ओढला, पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. शेवटी बॅटरीनंही मान टाकली. हार बंद गाडीलाच घातला.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ ची, आजोबांनी घेतलेली. स्टीअरिंगला गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. थंडीच्या देशांत लोक बर्फ पडायला लागला की जुन्या गाड्या झाकून ठेवतात. आपल्याकडे ते काम पाऊस करतो. जूनमध्ये आमच्या बाईसाहेब कव्हरखाली जातात, त्या थेट दसऱ्याला बाहेर.

दुसऱ्या दिवशी एक गॅरेजवाला आला. बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत निकाल! ‘कार्बोरेटर गेलाय. सेकंडहॅण्ड शोधावा लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्प. रात्री जेवताना म्हणाले, ‘दिवाळीआधी भंगारवाल्याला देऊन टाकू.’ कुणीच काही बोललं नाही. माझा मात्र वरणभात घशाखाली उतरेना.

आधी प्लग बघ!

मग आठवले मागच्या चाळीतले काका. त्यांनी वर्षानुवर्षं काळी-पिवळी पद्मिनी चालवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रिटायर झाली, त्याच्या बऱ्याच आधी काका रिटायर झाले होते. रविवारी त्यांना अक्षरशः हाताला धरून आणलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘पोरी, प्लग काढून बघितलास का?’

लॉजिक एकदम सिंपल. भरपूर सेल्फ मारून प्लग काढायचा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, म्हणजे भानगड ठिणगीची तरी आहे किंवा पेट्रोल जास्त होतंय. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. आमचा प्लग कोरडा ठक्क!

बाटलीची टेस्ट

पेट्रोल मागच्या टाकीतून निघतं, गाडीच्या पोटाखालच्या लोखंडी पाइपातून पुढे येतं, इंजिनला लावलेला पंप ते ओढतो आणि कार्बोरेटरला देतो. काका बरोबर उलटे निघाले. कार्बोरेटरला जाणारी नळी काढून बाटलीत सोडली. ठिणगी उडू नये म्हणून कॉइलची वायर काढून ठेवली. ‘मार सेल्फ.’

थांबून थांबून, ठोक्यासारखी चिळकांडी यायला हवी होती. आले ते चार बुडबुडे आणि थोडा फेस. म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येतच नव्हतं आणि बिचाऱ्यावर आळ!

आता संशय पंपावर. त्याच्या आत एक लवचीक पडदा असतो, डायफ्रॅम. तो फाटला की पंप बाद. काकांनी मागून पंपाला येणारी जुनी नळी काढली, तिथे नवी लावली आणि तिचं दुसरं टोक पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये बुडवलं. सेल्फ मारला आणि... चिळकांडी! पंप ठणठणीत. म्हणजे चोर पंप आणि टाकी यांच्या मधे कुठेतरी.

जिथे गळत नाही, तिथेच...

चोर काकांच्या हातातच होता. तीच काढलेली वीतभर रबरी नळी! वरून बरी दिसत होती. एक थेंबही गळत नव्हता, म्हणून कुणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. काकांनी ती वाकवली, तर बारीक बारीक चिरा.

‘पंपाच्या पुढे नळी फाटली तर पेट्रोल बाहेर येतं. मागे फाटली तर हवा आत जाते. स्ट्रॉला भोक पडलं तर उसाचा रस वर येतो का?’

नळी म्हातारी झाली होतीच, त्यात आजचं पेट्रोल. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८४ चं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पावसाळी दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने ठेवली, की पाणी साठून तळाशी जातं आणि टाकी गंजते.

म्हणून जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाकलं. नवी नळी, दोन क्लिपा, नवा फिल्टर. कार्बोरेटर उघडला, तर पेट्रोल उडून गेल्यावर राहिलेला तपकिरी चिकट थर! तो स्प्रेनं साफ केला. जेटमध्ये तार घालायला मात्र काकांनी साफ मनाई केली, कारण भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. सगळा खर्च मॉलमधल्या चार कॉफींइतका.

चार्ज केलेली बॅटरी लावली. तिसऱ्या सेल्फला पद्मिनी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. आवाज ऐकून बाबा चपला न घालताच खाली आले. हातात दसऱ्याचा राहिलेला नारळ! भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या पावसाआधी

• टाकी जवळजवळ फुल करून ठेवा. रिकामी जागा कमी, तर दमट हवाही कमी.
• पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करा, इंजिन नीट गरम होऊ द्या. जमलं तर एक छोटी चक्कर.
• सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. आणताना दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा.
• गाडी सुरू होऊन थोड्या वेळानं बंद पडते? टाकीचं झाकण सैल करून बघा. हवा आत जायची वाट बुजली असेल, तर पेट्रोल पुढे येत नाही.
• पेट्रोलचं काम उघड्या जागेत, इंजिन थंड असताना आणि जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवूनच. सिगारेटवाल्या मित्राला चहा आणायला पाठवा!