रोज एक चमचा दालचिनी, पण कोणती?

मस्कतला मुलांकडे जाऊन आलेली मंडळी मत्राच्या बाजारातून लोबान आणतात, त्याबरोबर मसालेही आणतात. आमच्या एका वाचक भगिनींकडे अशीच जाडजूड दालचिनी आली. ‘साखर कमी होते’ असे कोणीतरी सांगितले म्हणून त्या तिची पूड रोज सकाळी चमचाभर गरम पाण्यातून घेऊ लागल्या. ‘हे चालेल ना?’ असे त्यांनी विचारले आहे. उत्तर देण्याआधी ती दालचिनी कोणत्या झाडाची, हे पाहावे लागेल.

लोबानाचे झाड ओमानच्या धोफार भागात वाढते. दालचिनीला मात्र उष्ण, दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो. तरी प्राचीन ग्रीक लोकांना ती अरबस्तानातलीच वाटे. तिथले पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी बांधतात आणि अरब लोक युक्तीने त्या काड्या मिळवतात, असे हेरोडोटसने लिहून ठेवले आहे! खरे पाहता ती पूर्वेकडून समुद्रमार्गे येई. आजही मत्राच्या दुकानातली दालचिनी बाहेरून आलेली असते.

खरी दालचिनी श्रीलंकेत, केरळात आणि आपल्या पूर्वजांच्या कोकणातही होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९२ साली ‘कोकण तेज’ ही जात दिली. नारळ-सुपारीच्या बागेत ती आंतरपीक म्हणून लावतात. झाड उंच वाढू देत नाहीत. बुंध्याजवळ छाटले की फुटवे येतात. तीनएक वर्षांनी, लाल पालवी हिरवी झाली आणि साल सुटू लागली की अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या तोडतात. वरची खरबरीत साल खरवडून टाकतात, आतली कोवळी साल सोडवून सावलीत सुकवतात. सुकताना ती आपोआप गुंडाळते. एवढी मेहनत असल्यामुळे ती महाग पडते.

बाजारात स्वस्त मिळते ती बहुधा कॅशिया, म्हणजे चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया इकडच्या भाऊबंद झाडांची जाड साल. आपल्या तोरातही दोन नावे वेगळी आहेत. शेमोथच्या ३०व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलासाठी किन्नामोन २५० शेकेल आणि किद्दा ५०० शेकेल सांगितले आहे. किद्दा म्हणजे कॅशिया, असे पुष्कळ जण मानतात.

हा फरक आपल्या यकृतासाठी महत्त्वाचा आहे. कॅशियात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते, खऱ्या दालचिनीत अगदी नाममात्र. जास्त कुमारिन रोज पोटात गेले तर काही जणांच्या यकृताला इजा होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ही रोजची मर्यादा ठरवली आहे. ६० किलो वजनाच्या माणसाला ती ६ मिलिग्रॅम होते, आणि साधारण २ ग्रॅम कॅशियातच ती भरते. एक सपाट चमचा पूड सुमारे अडीच ग्रॅम असते. म्हणजे भगिनींचा रोजचा चमचा मर्यादेपलीकडे गेला.

ओळखायचे कसे? खरी दालचिनी कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी, आत अनेक पदर असलेली. हाताने चुरडते, चव गोडसर. कॅशिया जाड, कडक, लालसर, एकाच पदराची. मोडताना जोर लागतो, चव झणझणीत. पूड झाली की डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून अख्खी साल घ्या आणि घरीच कुटा.

पुलावात, मटणात किंवा चहात तुकडा टाकायला कुणाचीच हरकत नाही. औषध म्हणून रोज चमचाभर घेणे वेगळे. दालचिनीने साखर उतरते की नाही, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. तिच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूड घेऊच नका.

भगिनींना आमचे सांगणे एवढेच: रोजचा चमचा आज थांबवा, पुढच्या तपासणीला जाताना ती साल पिशवीत घालून न्या आणि किती दिवस घेतली ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.