डोंगरमाथ्यावरचीं गांवें आणि कडेवरचीं मुलें

लहान मुलांस बरोबर घेऊन दूरदेशीं प्रवास करावा कीं न करावा, या प्रश्नावर गेल्या वर्षीं आमच्या घरांत पुष्कळ खल झाला. आमचें मत प्रथमपासून प्रतिकूल होतें. चौतीस वर्षें शाळेंत मुलांस शिकविल्यामुळें आमचा असा ग्रह झालेला होता कीं, ज्या वयांत पाहिलेलें पुढें आठवत नाहीं, त्या वयांत मुलास कांहीं दाखविणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणें होय. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत राहतात. त्यांनीं वैशाखांत आठ दिवसांची रजा काढून इटलींतील डोंगरमाथ्यावरचीं जुनीं गांवें पाहण्याचा बेत आंखला व आम्हां उभयतांस बोलावून घेतलें. नातू सात वर्षांचा, नात चार वर्षांची. "मुलांना आजीपाशी ठेवा आणि तुम्ही दोघं सुखानं जाऊन या," असें आम्हीं सुचवून पाहिलें. त्यावर सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, मुलांना ठेवून जायचं, तर मग पाहायचं कोणाबरोबर?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, म्हणून आम्ही सहाजण निघालों. मात्र आम्हीं आमच्या वहींत तेवीस प्रेक्षणीय स्थळांची एक यादी गुपचूप करून ठेवली. ही यादी पुढें आमच्या फजितीस कारण झाली, तें ओघानें येईलच.

प्रथम हीं गांवें डोंगरावर कां चढून बसलीं, तें सांगितलें पाहिजे. इटलीच्या मध्यभागीं टस्कनी व अंब्रिया असे दोन प्रांत आहेत. रोमन लोकांचा अंमल बसण्यापूर्वीं तेथें एट्रुस्कन लोक नांदत असत, व त्यांनींच यांपैकीं कित्येक वस्त्या प्रथम उंचावर वसविल्या. पुढें मध्ययुगांत प्रत्येक नगर स्वतःस राज्य समजूं लागलें आणि शेजारच्या नगराशीं लढूं लागलें. तेव्हां उंच जागा व भक्कम तट यांचें महत्त्व अधिकच वाढलें. शिवाय सखल भागांत दलदल असे आणि तेथें हिंवताप माजे. 'मलेरिया' हा शब्दच मुळीं इटालियन असून त्याचा अर्थ 'दूषित हवा' असा आहे. आपल्याकडे गडावर शिबंदी राही व रयत बहुधा पायथ्याशीं. तेथें मात्र न्हावी, शिंपी, पाथरवट, सावकार असें सारें गांवच तटाच्या आंत राहिलें, आणि अद्यापि राहत आहे. परिणाम असा कीं, कोठेंहि जावयाचें म्हणजे चढावें लागतें, गल्ल्या दगडी आहेत, आणि बाबागाडी ही त्या मुलखांत सोयीपेक्षां संकटच अधिक ठरते. आमची बाबागाडी पहिल्याच दिवशीं एका फरसबंद चढावर अडली ती पुन्हां मोटारींतून बाहेर निघाली नाहीं. पुढचा सारा प्रवास नातीनें कांहींसा आपल्या पायांनीं व बराचसा बापाच्या पाठुंगळीस बसून केला.

पहिला मुक्काम ऑर्व्हिएतो. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडाचा एक प्रचंड कडा, आणि त्याच्या सपाट माथ्यावर हें गांव बसलेलें आहे. आगगाडीचें स्टेशन पायथ्याशीं आहे. तेथून वर जाण्यास दोरानें ओढली जाणारी गाडी १८८८ सालीं सुरू झाली. त्या वेळीं ती पाण्याच्या वजनावर चाले. १९७० सालीं ती बंद पडली, व १९९० पासून विजेवर पुन्हां चालूं लागली. वर १२९० सालीं पायाभरणी झालेलें मोठें ख्रिस्तमंदिर आहे. आमच्या यादींत तें पहिलें होतें. त्याच्या भिंती काळ्या व पांढऱ्या दगडांच्या आडव्या पट्ट्यांनीं बांधलेल्या आहेत. आम्ही त्यांविषयीं कांहीं सांगणार इतक्यांत नातू म्हणाला, "आजोबा, हे झेब्र्याचं देऊळ आहे!" आणि दोन्ही मुलें चौकांत धांवूं लागलीं. आमचें व्याख्यान जागच्या जागीं राहिलें.

त्यानंतर सेंट पॅट्रिकची विहीर पाहावयास गेलों. १५२७ सालीं रोम शहर लुटलें गेलें, तेव्हां पोप सातवे क्लेमेंट या गांवांत आश्रयास आले. उंचावरील गांवाला शत्रूची भीति कमी, परंतु पाण्याची धास्ती अधिक. वेढा पडला तर तहानेनेंच शरण जावयाचें. म्हणून त्यांनीं धाकटा आंतोनियो दा सांगाल्लो या स्थपतीकडून ही विहीर खोदविण्यास प्रारंभ केला. ती त्यांच्या पश्चात् १५३७ सालीं पुरी झाली. खोली सुमारें ५३ मीटर, रुंदी सुमारें १३ मीटर, पायऱ्या २४८, आणि उजेडासाठीं ७० झरोके. परंतु खरी मौज जिन्यांत आहे. जिना एक नसून दोन आहेत, आणि ते दोराच्या दोन पेडांप्रमाणें विहिरीभोंवतीं वळत जातात. मध्यें कोठेंहि मिळत नाहींत. पाण्याचीं रिकामीं भांडीं घेऊन गाढव एका दारानें उतरे, तळाशीं लहानशा पुलावरून पलीकडे जाई, आणि भरलीं भांडीं घेऊन दुसऱ्या दारानें वर येई. उतरणारा व चढणारा यांची वाटेंत गांठ म्हणून पडावयाची नाहीं.

हें सारें आम्हीं नातवास आधींच सांगावयाचें. पण धापेमुळें तोंडांतून शब्द निघेना. चिरंजीव नातीस पाठीवर घेऊन पुढें गेले होते. आम्ही अजून उतरत आहों, तोंच समोरच्या झरोक्यांतून नातीनें हात हालविला. नातू चकित झाला. "बाबा समोर आहेत, पण त्यांच्यापाशी जाता का येत नाही?" तो दहा पायऱ्या वर धांवला, वीस पायऱ्या खालीं गेला, प्रत्येक झरोक्यांतून डोकावला, आणि अखेर भिंतीस टेकून म्हणाला, "आजोबा, हे दोन जिने आहेत! एक उतरायचा, एक चढायचा. म्हणजे गाढवांची टक्कर होत नाही." त्याच्या मुद्रेवरील तो आनंद पाहून आमच्या मनांत आलें, चौतीस वर्षांच्या अध्यापनांत उत्तर आधीं सांगून असे किती प्रश्न आम्हीं मातीमोल केले असतील!

आतां ज्या वाचकांस प्रत्यक्ष जावयाचें असेल, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. एका दिवशीं एकच गांव पाहावें. दुपारीं एकच्या सुमारास लहान गांवांतील पुष्कळशीं दुकानें बंद होतात, तीं तीन-चार वाजतां उघडतात. ती वेळ मुलांच्या निजेस द्यावी. रात्रींच्या खाणावळी साडेसातच्या आधीं बहुधा उघडत नाहींत, व तोंवर मुलें पेंगूं लागतात. यास्तव मुख्य जेवण दुपारींच उरकावें. शाकाहारी मंडळींनीं 'सेंझा कार्ने', म्हणजे मांसावांचून, हे दोन शब्द पाठ करावे, आणि सूप मांसाच्या रसाचें तर नाहीं ना, हें निराळें विचारावें. पार्मिजानो नांवाचें त्यांचें प्रसिद्ध चीज वासराच्या जठरांतून काढलेल्या विरजणानें घट्ट करितात. ज्यांस तें वर्ज्य आहे त्यांनीं तें पानांत न घालण्यास आधींच सांगावें. टस्कनींतील पाव अळणी असतो. आमच्या मंडळींनीं बरोबर घेतलेलें लिंबाचें लोणचें तेथें कामीं आलें. मोटार घ्यावयाची तर लहान मुलांसाठीं निराळी बैठक कायद्यानें आवश्यक आहे. जुन्या गांवांच्या वेशींत परक्या मोटारींस बहुधा मज्जाव असतो. तेथें कॅमेरे बसविलेले असून दंडाची नोटीस मागाहून घरीं येते. यास्तव गाडी तटाबाहेर ठेवून पायीं जावें, हें उत्तम.

दुसरा मुक्काम सिएना. या नगराच्या सतरा पेठा आहेत. प्रत्येक पेठेचें निशाण वेगळें: कासव, गोगलगाय, साळिंदर, सुरवंट, घुबड, जिराफ, मनोरा नांवाच्या पेठेचें निशाण तर पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती! दरवर्षीं २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशीं मुख्य चौकांत या पेठांच्या घोड्यांची शर्यत लागते. सतरांपैकीं दहा पेठा धांवतात, स्वार खोगिरावांचून बसतात, चौकास तीन फेरे होतात, आणि सारें दीडएक मिनिटांत आटोपतें. त्या दीड मिनिटासाठीं सारें गांव वर्षभर झुरतें. सूनबाईंनीं मुलांस भिंतींवरचीं निशाणें शोधावयास लाविलें. त्या खेळाच्या भरांत आमची चार वर्षांची नात दोन तास न कुरकुरतां चालली.

तो चौक शिंपल्याप्रमाणें उतरता असून पांढऱ्या दगडाच्या रेषांनीं त्याचे नऊ भाग पाडले आहेत. एके काळीं नगराचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची ती खूण आहे. चिरंजीव नातवास घेऊन तेथील उंच मनोऱ्यावर चढले. सूनबाई व आमच्या मंडळी औषधांच्या दुकानाकडे गेल्या. नात आमच्या स्वाधीन होती. समोरच्या नगरमंदिरांत आम्ब्रोजियो लोरेंझेत्ती या चित्रकारानें १३३८-३९ सालीं सुराज्य व कुराज्य यांचीं भित्तिचित्रें काढलेलीं आहेत. त्यांविषयींचें टिपण आम्हीं वहींतून काढून वाचावयास घेतलें. पान उलटून पाहतों तों शेजारची जागा रिकामी.

त्या दहा-बारा मिनिटांचें वर्णन करण्याची आमची इच्छा नाहीं. परदेश, अपरिचित भाषा, आणि चौकास फुटलेल्या अनेक गल्ल्या. हांका मारतां मारतां घसा कोरडा पडला. अखेर चौकाच्या वरच्या अंगास असलेल्या कारंजापाशीं ती दिसली. तेथें लांडग्याच्या दगडी मुखांतून पाणी पडतें, व पारवे त्याच्या डोक्यावर बसून वांकून पाणी पितात. तें पाहण्यांत नात गुंग झालेली, आणि एक वृद्ध इटालियन बाई तिचा हात घट्ट धरून उभी. आम्हांस पाहतांच ती "नोन्नो? नोन्नो?" असें विचारूं लागली. नोन्नो म्हणजे आजोबा. आम्हीं मान हालविली. तिनें नातीचा हात आमच्या हातांत दिला, आणि बोट उगारून इटालियन भाषेंत आमची चांगली हजेरी घेतली. शब्द एकहि कळला नाहीं. अर्थ अक्षरशः कळला.

सूनबाईंस सांगावें कीं लपवावें, हा विचार मनांत आला, तें येथें कबूल करितों. नातीस कांहीं इजा झालेली नव्हती. कोणास कळलेंहि नसतें. परंतु रात्रीं मुलें निजल्यावर आम्हीं घडलेलें सर्व सांगितलें, आणि बोल ऐकून घेण्याच्या तयारीनें बसलों. सूनबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मामंजी, गेल्या थंडीत बाजारात माझ्याही हातून ती अशीच सुटली होती. मी कोणालाच सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही. तुम्ही सांगितलंत, म्हणून आज मला सांगता आलं." त्या रात्रीं आम्हीं ती वही पेटीच्या तळाशीं ठेवून दिली. लोरेंझेत्तीचीं चित्रें आम्हीं पाहिलीं नाहींत. यादींतील एकच नांव तेवढें राखलें, तें मोंतोने.

मोंतोने हें अंब्रियांत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत टेंकडीवर वसलेलें लहानसें गांव आहे. १९४४ सालच्या उन्हाळ्यांत या खोऱ्यांत हिंदी सैन्य जर्मनांशीं लढत होतें. १० जुलै रोजीं मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे पडले किंवा घायाळ झाले. घाडगे एकटे त्या तोफखड्ड्यावर धांवून गेले, त्यांनीं ती जागा जिंकली, आणि तेथेंच शत्रूच्या गोळ्यांनीं ते पडले. वय अवघें बावीस. ते कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कासिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव कोरलेलें आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत मोंतोने येथें त्यांच्या नांवें एक सूर्यघडी उभारण्यांत आली. आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें लॅटिन वचन तिचें ब्रीद आहे. लॅटिनमधील 'सोल' व आपला 'सूर्य' हे एकाच मुळापासून निघालेले शब्द आहेत, हें आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल. त्या दिवशीं मात्र तें कोणास सांगावेंसें वाटलें नाहीं.

नातवानें विचारलें, "आजोबा, ते मराठी बोलायचे?" आम्हीं होय म्हटलें. "मग इथं त्यांच्याशी मराठीत कोण बोलायचं?" "त्यांचे सोबती." "आणि ते सगळे घरी गेले का?" आम्हीं खरें उत्तर दिलें: "कांहीं गेले, हे गेले नाहींत." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग बहिणीस जवळ बोलावून त्यानें हात जोडले, तिनेंहि जोडले. आम्हीं कांहीं शिकविलें नव्हतें.

मुलांस या प्रवासांतील किती आठवेल, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. आणि आतां त्याची चिंताहि उरलेली नाहीं. आठवणें हें मुलांचें काम आहेच, पण तें वडील माणसांचेंहि आहे. मुलांचें विसरलेलें आपण जपून ठेवावें व योग्य वेळीं त्यांचें त्यांना परत द्यावें, यासाठींच एकत्र कुटुंबांत आजाआजी असतात. म्हणून आमचें वाचकांस सांगणें एवढेंच कीं, सवड असेल तर मुलांस खुशाल न्यावें. मात्र हात त्यांचा धरावा, वहीचा नव्हे. घरीं परतल्यापासून आमची नात कोणताहि जिना दिसला कीं पहिल्या पायरीवर थांबते आणि विचारते, "आजोबा, हा चढायचा आहे, की उतरायचा?"