धरणाआधीचं तळं

बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या पश्चिमेला, शेतातच कुठेतरी, 76 अंश रेखांश आणि 19 अंश अक्षांश एकमेकांना छेदतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांतल्या 47 एम, 47 एन, 56 ए आणि 56 बी या चार चौकटींचे कोपरे तिथे टेकतात. त्यामुळे हा जिल्हा नकाशात बघायचा तर आधी टेबल रिकामं करावं लागतं. बीड शहरातून पुढे निघालेली बिंदुसरा नदी सिंदफणेला भेटायच्या आतच कागदाबाहेर जाते.

याच जिल्ह्यातल्या माजलगावचं टोपोशीट 56 ए/4. सिंदफणेवरचं तिथलं धरण 1987 साली पूर्ण झालं. त्याआधीच्या, एका इंचाला एक मैल मापाच्या नकाशात जलाशय नाही. तरी तो त्यात आहे, तपकिरी समोच्च रेषांत.

समोच्च रेषा म्हणजे एकाच उंचीवरची ठिकाणं जोडणारी रेघ. साचलेल्या पाण्याचा काठही असाच, सगळीकडे एका उंचीवर. खोऱ्यात भिंतीची आडवी रेघ ओढायची, मागची समोच्च रेषा बोटाने गिरवत पुन्हा भिंतीशी यायचं; गिरवला तो तळ्याचा काठ. आतली गावठाणं, विहिरी, गाडीवाटा म्हणजे बुडीत क्षेत्र. लगतच्या दोन रेषांनी वेढलेल्या क्षेत्रांची सरासरी गुणिले उंचीतला फरक, की पाण्याचा एक थर निघाला. असे थर मिळवत गेलं की साठा. अर्थात जुन्या नकाशात रेषा 50-50 फुटांवर असतात. माजलगावच्या धरणाची सगळी उंची दोन-तीन रेषांतच संपते. प्रत्यक्ष आखणीला बारीक मोजणी करावीच लागते.

  

धरण भरल्यावर तळ्यातला गाळ मोजायलाही हीच युक्ती. उपग्रह पाण्याचा काठ टिपतो, त्या दिवशीची पातळी धरणावर नोंदलेली असते. म्हणजे प्रत्येक छायाचित्र ही एक समोच्च रेषाच. पातळी तीच असून वेढलेलं क्षेत्र पूर्वीपेक्षा कमी भरलं, तर मधली जागा गाळाने घेतली.

उन्हाळ्यात पाणी हटतं, तेव्हा हा नकाशा उघड्यावर येतो. ओल्या चिखलाच्या पट्ट्यापट्ट्याने गाळपेर करणारा शेतकरी काठामागून खाली सरकत जातो.