भागी : शब्दाची आणि कायद्याची

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घोडे सर्वांचे, म्हणून त्याच्या जखमेकडे पाहणारा कोणीच नाही! तरीही भागीवाचून आपले चालत नाही. समजा, दोन मित्रांनी पैसे एकत्र करून मोसंबीची बाग उक्ती घेतली आणि माल पाचोडच्या बाजारात आणला. कागद केला नाही, सारे शब्दावर. तथापि शब्दावरची भागीही कायद्याच्या दृष्टीने भागीदारीच असते. म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही तिचे प्रकार समजून घ्यावेत.

भारतीय भागीदारी कायदा 1932 सालचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडे हा कायदा 1951 साली लागू झाला. कोणा एकाने सर्वांच्या वतीने, किंवा सर्वांनी मिळून, धंदा चालवायचा व नफा वाटून घ्यायचा असा करार म्हणजे भागीदारी. ती जन्माने येत नाही, कराराने येते. म्हणून एकत्र हिंदू कुटुंबाचा धंदा भागीदारी ठरत नाही. शेत बटईने दिले, उत्पन्न वाटून घेतले, एवढ्यानेही मालक व बटईदार भागीदार होत नाहीत.

कायद्यात तिचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. मुदत किंवा शेवट ठरवलेला नसेल तर ती ऐच्छिक भागीदारी. कोणीही भागीदार इतरांना लेखी नोटीस देऊन ती मोडू शकतो. एखाद्या ठरावीक कामापुरती असेल तर ती विशिष्ट भागीदारी. वरील मित्रांनी एका आंबे बहारापुरतीच भागी केली असेल, तर वेगळे काही ठरलेले नसल्यास माल विकून झाला की ती संपते.

दोन्ही प्रकारांत जबाबदारी मात्र अमर्याद असते. एका मित्राने धंद्यासाठी उधारी केली आणि भाव कोसळला, तर सावकार दुसऱ्याकडून सारे कर्ज मागू शकतो. त्याचे घर आणि शेतही त्यातून सुटत नाही. नुसते पैसे घालून घरी बसलेला निष्क्रिय भागीदारही याला अपवाद नाही.

नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसलेल्या पेढीला करारातील येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. बाहेरचा मात्र तिच्यावर लावू शकतो. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने अशा पेढीच्या भागीदाराला विसर्जनाचा व हिशेबाचा दावाही बहुतेक बाबतींत बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

मर्यादित दायित्व भागीदारी हा निराळा प्रकार 2008 च्या कायद्याने आला. तिला भागीदारांहून वेगळे कायदेशीर अस्तित्व असते. एकाच्या चुकीपायी दुसऱ्याचे घर जात नाही. फसवणुकीत सामील असणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. तिची नोंदणी सक्तीची असून दरवर्षी हिशेब दाखल करावे लागतात.

आता आपल्या वयाची गोष्ट. अठरा वर्षांखालील मुलाला भागीदार होता येत नाही. पण सर्वांच्या संमतीने त्याला नफ्यात घेता येते. तोवर त्याची खाजगी मालमत्ता सुरक्षित असते. सज्ञान झाल्यावर, किंवा आपल्याला नफ्यात घेतल्याचे नंतर कळले तर तेव्हापासून, सहा महिन्यांत त्याने राहायचे की नाही हे जाहीर नोटिशीने कळवावे लागते. गप्प राहिला तर तो आपोआप भागीदार होतो आणि नफ्यात घेतल्या दिवसापासूनची देणी त्याच्या माथी येतात!

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दुकान किंवा आडत असेल. वडिलांना, काकांना एकदा विचारून पाहा, भागीपत्रात आपले नाव कोठे आहे काय? विचारण्यात अविश्वास नाही. हिस्सा, उधारीची मर्यादा आणि भागी मोडण्याची रीत आधीच लिहिलेली असली, तर तोट्याच्या सालीही दोन घरांचे बोलणे टिकते.